गुरुवारच्या पाच जणी

किस्से आणि लंगोट यांची जात एकच. चार धुऊन दोरीवर टाकावेत, तर तोवर सहा जमलेले असतात! आमच्या शिवणवर्गाचे किस्से माझ्याकडे असेच साठत गेले. खरं तर मी घाबरट बाई. दाराला कडी लावली की नाही ते तीनदा उठून बघणारी, मुलगी शांत झोपली तर श्वास चालू आहे ना म्हणून तिच्या नाकाशी बोट धरणारी. अशा बाईकडे कुणी गुपितं ठेवू नयेत. पण ठेवली, कारण मी सातवी पास, आणि शिकलेली बाई शहाणी असते असा आमच्या जालन्यात एक समज आहे.

कोण कोण ते आधी सांगते. नावं बदलली आहेत, माणसं बदलता आली नाहीत.

इंदूताई विधवा, चाळिशीच्या. वर्ग त्यांच्या माजघरात दर गुरुवारी दुपारी भरायचा, पायाची मशीन त्यांचीच. रूथबाई दवाखान्यात नर्स, ख्रिस्ती, बिनलग्नाच्या; आमच्यात पगार आणणाऱ्या त्या एकट्या. गंगा आणि राधा या एकाच नवऱ्याच्या थोरली आणि धाकटी. नवरा मूळचा वाटूरचा, जमीन तिथे, कापसाच्या व्यापारासाठी घर इथे. त्याला सगळे मालक म्हणत, त्या दोघीसुद्धा. आणि पाचवी मी. लग्नाआधी मुलींच्या शाळेत दोन वर्षं शिकवलं. शाळा सुटली, पण 'मास्तरीण' हे नाव चिकटलं ते चिकटलं.

आता आडून बोलत नाही. या पाच जणींत दोन जोड्या होत्या. इंदूताई आणि रूथबाई ही एक. गंगा आणि राधा ही दुसरी. सवतीच! जोडी म्हणजे नवरा-बायकोची असते तशीच: जीव लावणारी, रुसणारी, एका ताटात जेवणारी, आणि पुढे कळेल, दगा देणारीसुद्धा. मी तेवढी सुटी होते. सुटं माणूस फार बघतं, तेच वाईट.

*

गंगेला आठ वर्षांत मूल झालं नाही म्हणून मालकांनी राधा आणली. आता सवतींची जुंपणार म्हणून गल्ली कान टवकारून बसली. एक महिना गेला, दोन गेले, आवाज नाही! शेवटी समोरच्या काकूंनी विचारलंच, "गंगे, सवत आली का भैन आली गं?"

गंगा घाबरली. घरात जाऊन राधाला म्हणाली, "आपुन भांडत न्हाई म्हून लोक शंका घेऊन राह्यले."

मग दोघींनी ठरवलं. दर बाजाराच्या दिवशी, गल्लीत वर्दळ असताना, ओट्यावर अर्धा तास भांडायचं. सकाळी भाकरी थापता थापता विषय ठरायचा. मी एकदा विरजण मागायला गेले होते तेव्हा कानांनी ऐकलंय.

"आज काय घ्यावं?"

"तेलाची बरनी?"

"ती मागच्या बाजारी झाली."

"मंग माझ्या माहेरावर बोल. पन आईला काई म्हनायचं न्हाई."

"बरं. मामाला बोलते."

"बोल की! मामा हायेच तसला."

एका बाजारी गंगा राधाला 'चेटकीण' म्हणाली आणि राधाला हसू फुटलं. आता झाली पंचाईत! गंगेनं क्षणात तिचे केस धरले, ओढत आत नेलं आणि धाडकन दार लावलं. राधा बाहेर आली ती दिवस कलल्यावर, गाल लालभडक. काकू कळवळल्या, लावायला हळद घेऊन आल्या.

मालक मात्र खूश. आमच्या 'ह्यां'ना म्हणाले, "आता कसं घर घरावानी वाटतं!"

*

आमच्यावर एकदा पोलीसही आले.

ते दिवस असे होते की निजामाच्या राज्यात चार माणसं एका जागी बसली तरी परवानगी कुठाय म्हणून विचारायचे. कुणीतरी चुगली केली की इंदूबाईंच्या घरी दर गुरुवारी बैठक भरते, दार आतून बंद असतं. एका दुपारी ठाण्याचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन हजर! त्या वेळी राधा गंगेच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि गंगेची बोटं तिच्या केसांत. हलायलाही वेळ मिळाला नाही.

"यहाँ क्या चलता है?" अमीनसाहेबांनी दरडावलं.

"काजं चालू आहेत," इंदूताई मशीनवरून न उठता म्हणाल्या. "बसायचं असेल तर बटणं लावायला घ्या."

अमीनसाहेबांनी मांडीवरच्या डोक्याकडे बोट केलं. "और ये?"

"उवा बघून राह्यले, साहेब," गंगा म्हणाली. "लई झाल्यात. उडून येतेत."

साहेब दोन पावलं मागे सरकले. उंबऱ्याबाहेर जाऊन शिपायाला सांगितलं, "लिखो. पाँच औरतें, एक मशीन. कोई ख़तरा नहीं."

त्यानंतर कित्येक गुरुवार इंदूताई दाराला कडी घालताना म्हणायच्या, "चला बायांनो, कोई ख़तरा नहीं!" आणि आम्ही पोट धरधरून हसायचो. खतरा बाहेरून येतो असंच तेव्हा मलाही वाटायचं.

*

विधवेला देण्यासारखं जगात फार काही उरत नाही. बांगडी नाही, जोडवी नाही, फूल नाही, रंगीत खण नाही. रूथबाईंनी शोधून काढलं. पगार वाढला तेव्हा सोनाराकडून त्यांनी चांदीचं अंगुस्तान घडवून आणलं. सुई टोचू नये म्हणून बोटावर चढवायची टोपी, दुसरं काही नाही! त्याला कुठला शास्त्री हरकत घेणार?

इंदूताईंनी ते बोटात घातलं ते काढलंच नाही. पाणी शेंदताना, तांदूळ निवडताना, देवपूजा करताना. दीर म्हणाले, "वहिनी, जेवताना तरी काढा."

"भातात एखादी सुई निघते हो," ताई म्हणाल्या.

दोन वर्षं अशी गेली. मग एका गुरुवारी राधा बटणं लावायला बसली. बोटात चांदीचं अंगुस्तान. तीच वेलीची नक्षी.

आता राधाचं सांगायचं तर दोन वर्षांत तिनं एक सरळ टाका घातला नव्हता. तिच्या वाटणीचं शिवण गंगा करायची, आणि राधा नुसती गाणी म्हणायची, नाहीतर माझ्याकडे पाटीवर अक्षरं गिरवायची.

मशीन थांबली. इंदूताई म्हणाल्या, "बघू गं."

राधानं हात पुढे केला. ताईंनी ते काढून घेतलं, आपलंही पहिल्यांदाच उतरवलं, आणि एकेका तळव्यावर एकेक ठेवून तोललं. रूथबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, समोर भिंत होती.

"हलकं आहे," ताई म्हणाल्या, आणि परत दिलं.

तेवढ्यात गंगेनं हळूच माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मास्तरीणबाई, चांदीत काई खोट निघाली का?"

तिला काही कळलंच नव्हतं. सांगायची मला हिंमत झाली नाही. म्हटलं, कळेल. संध्याकाळपर्यंत कळलं.

*

लटकी भांडणं गल्लीनं दोन वर्षं ऐकली. खरं भांडण मात्र कुणालाच ऐकू गेलं नाही.

गंगा बोलायचीच बंद झाली. राधाशी एक अक्षर नाही. भाकरी वाढायची, पाणी ठेवायची, अंथरूण वेगळं घालायची. बाजाराचा दिवस आला. काकू ओट्यावर येऊन बसल्या, आवाज नाही. दुसरा बाजार गेला, तरी नाही.

मालक आमच्याकडे येऊन सांगून गेले, "बायकाची जात बघा. दोन वर्षं जीव खाल्ला, आता बिलकुल गोडीनं राह्यल्या!"

तिसऱ्या बाजारी राधाच ओट्यावर आली. गल्ली भरलेली. डोळे सुजलेले, पदर नीट नाही. आत तोंड करून ओरडली, "अक्का, भांड की! आज बाजार हाये!"

आतून नुसता भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही.

*

रूथबाई त्यानंतर जालन्यात फार दिवस राहिल्या नाहीत. वऱ्हाडात, इंग्रजी हद्दीत, एका दवाखान्यात त्यांनी नोकरी धरली. निरोप घ्यायला गुरुवारीच आल्या. इंदूताई मशीनवर होत्या, चादरीची लांबच लांब कड घालत होत्या.

"इंदू, येते मी," रूथबाई म्हणाल्या.

ताईंचे पाय थांबले नाहीत. रूथबाई हातात बॅग घेऊन उभ्या राहिल्या. कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण झाली, चादर फिरवली, दुसरी कड सुरू झाली. चारी बाजू होईपर्यंत त्या उभ्या होत्या. मग गेल्या.

मी चादर घडी घालायला उचलली तर कडा आपोआप उलगडल्या. सुईत दोरा ओवलेलाच नव्हता!

*

मालकांनी आपला हक्क सोडला असेल असं कुणी समजू नये. राधाला दिवस राहिले. सातव्या महिन्यात तिला बाळंतपणासाठी माहेरी, जाफराबादला पाठवायचं ठरलं. गाडी दारात उभी असतानाच मालकांनी गंगेला चार लोकांसमोर सांगितलं, "धाकटी पोर घेऊन आली की तू वाटूरला शेतावर जायचं. वांझेची सावली तान्ह्यावर नको."

वाटूरच्या शेतावर एक आखाडा, म्हणजे शेतातली झोपडी, होती आणि मालकांची आंधळी चुलती होती. तिसरं माणूस नाही. गंगेच्या भावानं आधीच निरोप धाडला होता, "आली तर दार उघडं हाये, पन खर्चा झेपनार न्हाई." म्हणजे गंगेचं या घरात राहणं आता एका राधावर अवलंबून होतं. राधानं परत येऊन 'अक्का राहिली तरच मी राहीन' म्हटलं असतं तर मालकांनी ऐकलं असतं. मूल देणाऱ्या बाईचं ऐकतात. पण राधा चालली होती जाफराबादला, आणि जाफराबादपासून रूथबाईंचं नवं गाव चार कोसांवर. काय समजायचं ते आम्ही सगळ्यांनी समजून घेतलं.

राधा गाडीत बसली. इतके महिने न बोललेली गंगा चाकाशी आली.

"तिकडं थंडी लई," ती म्हणाली. "कानाला बांध."

*

माझी मुलगी त्याच दिवसांत झाली. मला आई नाही. सासूबाई नवस फेडायला जांबला गेल्या आणि देवळाच्या पायरीवरून पडून तिथेच पाय धरून बसल्या. पंधरा दिवसांचं मूल आणि मी! पुस्तकात वाचलं होतं की पाणी कोमट असावं. कोमट म्हणजे किती ते पुस्तकात नव्हतं. मी कोपर बुडवून बघितलं, जास्त वाटलं, गार घातलं. बोट बुडवलं, गार वाटलं, कढत घातलं. असं अकरा वेळा. शेवटी बादली भरून वाहिली, चूल विझली, मुलगी शिंकली, आणि मी तिला दुपट्यात गुंडाळून रडत गंगेच्या दारात.

गंगेनं मुलीला घेतलं आणि माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. "मास्तरीणबाई, पोर हाये. शाळा न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी यायची. पाय पसरून बसायची, मुलीला नडग्यांवर घ्यायची, टाळूवर तेल जिरवायची, नाक ओढायची, पाठ चोळायची. मी तांब्यानं पाणी घालायचं, एवढंच माझं काम. लोक तिला वांझ म्हणायचे आणि माझी पोर तिच्या पायांवर दुधासारखी निवांत पडायची.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मीसुद्धा मुलीच्या दंडाला एक काळा दोरा जास्तीचा बांधला होता. सातवी पास!

मग एके दिवशी वाटीत तेल उरलं. गंगा म्हणाली, "वाया कशाला घालवायचं? बसा फुडं." आणि ते तिनं माझ्या केसांत जिरवलं. लग्न झालेली बाई मी, पदरात महिन्याची मुलगी, नवरा भला माणूस. तरी त्या दिवशी दुपारपर्यंत मी वेणी घातली नाही.

सुटं माणूस म्हटलं ना मी स्वतःला? त्या दिवसापासून नव्हते. पण हे मला एकटीलाच ठाऊक होतं.

*

राधाची पत्रं यायला लागली. राधाला लिहिता येत होतं; मी शिकवलं होतं. गंगेलाही शिकवायला बसले होते, तर म्हणाली होती, "घरात एकीला आलं की झालं. दोघींनी कशाला डोळे फोडायचे?" इंदूताईंकडून वाचून घ्यावं तर अंगुस्तानाच्या त्या दिवसानंतर राधाचं नाव ताईंसमोर काढायची सोय नव्हती. राहिले मी.

पहिली पत्रं मी शब्द न् शब्द वाचली, देवाशपथ. 'पाय सुजलेत. आंबट खाववत न्हाई. तुझी आठवन येती.' उत्तर सांगताना गंगेची कसरत असायची.

"लिव्हा. मी बरी हाये."

मी लिहिलं.

"खोडा. लिव्हा, मी मेली तरी तुला काय."

लिहिलं.

"त्येबी खोडा. लिव्हा, पायाला गरम मिठाचा शेक दे."

अशी प्रत्येक पत्रात दोन ओळी खोडलेल्या आणि एक शेक! राधानं पुढच्या पत्रात विचारलं होतं, 'खोडलेलं काय व्हतं ते लिव्ह.' गंगा हसली. कित्येक महिन्यांनी हसली. मी कागदाकडे बघत होते.

*

मग ते पत्र आलं.

राधानं लिहिलं होतं: 'अक्का, मुलगी झाली. मालक बघायला आले न्हाईत. मी रूथबाईकडं दोनदा गेल्ते, खोटं बोलत न्हाई. आता ती नागपूरला चालली. जाता जाता तिनं तिच्या वऱ्हाडातल्या दवाखान्यात आपल्या दोघीला काम बघून दिलं, तुला सैपाकाचं, मला धुन्याचं. एक खोली हाये. बारशाला ये. तितून पोरीला धरून आपुन तिघी वऱ्हाडात जाऊ. बारशापर्यंत वाट बघते. आली न्हाईस तर तू माफ केलं न्हाई असं समजीन आन मालकाकडं माघारी येईन.'

मुलगी माझ्या मांडीवर दूध पीत होती. गंगा समोर, हात अजून तेलकट. मी पत्र मनात एकदा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत. बारशाला यायची दगदग करू नको. ऊन फार आहे."

ऊन माझ्या पदरचं.

"बस? एवढंच?" गंगेनं विचारलं.

"एवढंच."

"कागुद तर मोठा दिसून राह्यलाय."

"अक्षर मोठं आहे तिचं," मी म्हणाले.

मीच शिकवलेलं अक्षर!

गंगेनं तेलकट हात पदराला पुसले. मग म्हणाली, "लिव्हा. पोरीला वेखंड लाव. टाळूवर तेल राहू दे." ते मात्र मी जसंच्या तसं लिहिलं आणि पेटीत टाकलं. एकही ओळ खोडायला सांगितली नाही तिनं.

बारशाला चार दिवस होते. पहिल्या दिवशी ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी मुलीला खोकला झाला; म्हटलं, खोकला जाऊ दे. तिसऱ्या दिवशी खोकला गेला, पण गंगा इतक्या मायेनं तिला शेकत होती की वाटलं, आज नको. चौथ्या दिवशी सकाळी न्हाऊ घालताना गंगा आपण होऊन म्हणाली, "आज तिकडं बारसं असंल. पाळन्यात घातलं असंल पोरीला."

मी म्हटलं, "असेल."

*

इंदूताईंना सांगितलं. कुणाला तरी सांगणं भागच होतं. बारसं होऊन गेलेलं होतं, त्यामुळे सांगून काही बिघडणार नव्हतं आणि काही सुधारणारही नव्हतं. घाबरट माणसं नेमक्या अशाच वेळी खरं बोलतात.

ताई काजं करत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "का गं?"

"मुलीसाठी," मी म्हटलं. "ती गेली असती तर माझ्या मुलीला..."

"मुलीचं नाव पुढे करू नकोस," ताई म्हणाल्या. "तिला अजून बोलता येत नाही याचा फायदा घेऊ नकोस."

*

सव्वा महिना झाला तशी राधा निघाल्याची वर्दी आली. त्याच सकाळी वाटूरचा गडी गंगेला न्यायला बैलगाडी घेऊन आला. मालकांनी वेळ बरोबर साधली होती: एकीनं यायचं, दुसरीनं जायचं, सावली मध्ये पडायची नाही. गंगेनं गाठोडं गाडीत टाकलं आणि गड्याला म्हणाली, "थांब जरा. मास्तरीणीच्या पोरीचं न्हानं उरकून येते."

ती न्हाणीत बसली. मुलगी तिच्या पायांवर पालथी. मी तांब्या घेऊन उभी. आणि दारात सावली आली म्हणून वर बघितलं तर राधा. अंगावर रस्त्याची धूळ, कडेवर दुपट्यात मूल. घरी न जाता सरळ आमच्याकडे आली होती.

"अक्का."

गंगेनं मान वर केली नाही. मुलीची पाठ चोळत राहिली.

"बारशाला वाट बघितली," राधा म्हणाली. "तिनीसांजेपर्यंत दारात बसून व्हते. लोक हसून राह्यले, म्हनले बाळंतीन अशी उंबऱ्यात बसती का. मंग माघारी आले."

गंगेचा हात थांबला. "कशाची वाट?"

"लिव्हलं व्हतं की सगळं! दवाखान्यातलं काम, खोली, तिघींनी जायचं. मंग तुझं वेखंडाचं पत्र आलं." राधाचा आवाज फुटला. "अक्का, माझं पत्र मिळालं न्हाई का तुला?"

माझ्या हातात भरलेला तांब्या होता. तो मला खाली ठेवता येईना आणि ओतता येईना.

गंगेनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मुलीच्या डोळ्यात साबण गेला का बघावं, एवढाच वेळ.

"मिळालं," ती राधाला म्हणाली.

"वाचून कुनी दावलं?"

"मास्तरीणबाईनं."

"सगळं वाचलं?"

"सगळं. बिलकुल काई ठिवलं न्हाई," गंगा म्हणाली. "मलाच यायचं नव्हतं."

राधा भिंतीला टेकली आणि टेकल्या टेकल्या खाली बसली. तिचं मूल रडायला लागलं. बाहेर गड्यानं बैलांना हाकारलं, जल्दी करा म्हणून ओरडला. गंगेनं माझ्या मुलीला पंच्यात गुंडाळलं, माझ्या खांद्यावर टाकलं, आणि राधापुढे दोन्ही हात केले.

"आन तिला हिकडं."

"मालक म्हनले, सावली..."

"सावली उनात पडती," गंगा म्हणाली. "न्हानीत कुठं ऊन हाये?"

तिनं ते तान्हं पायांवर घेतलं, दुपटं सोडलं, टाळूवर तेलाचं बोट ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तरीणबाई, उभ्या का? पानी घाला."